डिपेंडंट व्हिसावरून स्किल्ड वर्कर व्हिसाकडे: सांगली-साताऱ्याच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

‘सून डिपेंडंटवर आहे’ असे सांगलीतल्या एखाद्या घरी सांगितले गेले की ऐकणाऱ्याला बहुधा असे वाटते, की ती ब्रिटनमध्ये घरी बसून आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नोकरीसाठी गेलेल्या जोडीदाराच्या व्हिसाला जोडून तिथे राहणारी व्यक्ती पूर्ण वेळ नोकरी करू शकते, ती सोडून दुसरी धरू शकते आणि स्वतःचा व्यवसायही करू शकते. व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक होण्याची तेवढी मनाई असते. त्यामुळे डिपेंडंट व्हिसा सोडून स्वतःच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे स्वतःच्या नोकरीवर मिळणारा कामाचा व्हिसा, घ्यावा असे मनात आले, तर तो कसा घ्यायचा याच्या आधी तो कशासाठी घ्यायचा, हे ठरवावे लागते.

मी वकील नाही. माझ्या धाकट्या बहिणीने असा बदल केला तेव्हा तिची इकडची सगळी कागदपत्रे सांगलीच्या विश्रामबागेत बसून गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पुढे मिरज, विटा, कराड इथल्या ओळखीच्या घरांतूनही तेच प्रश्न येऊ लागले. त्या अनुभवातून आणि ब्रिटिश सरकारच्या नियमांच्या वाचनातून जे पक्के समजले, तेवढेच इथे लिहिले आहे. शुल्काचे आकडे कोणत्या महिन्यापासूनचे आहेत ते त्या त्या ठिकाणी नोंदवले आहे. हे दर बहुतेक वर्षी वसंतात वाढतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहून मगच पैशांची जुळवाजुळव करावी.

बदल खरोखर हवा आहे का

सर्वात महाग पडणारी चूक अर्जात होत नाही, ती कायम वास्तव्याच्या हिशेबात होते. आपले लोक ज्याला सरसकट ‘पीआर’ म्हणतात, त्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी स्किल्ड वर्करला त्या मार्गावर सलग ५ वर्षे पूर्ण करावी लागतात, आणि त्याच्या जोडीदारालाही डिपेंडंट म्हणून स्वतंत्रपणे ५ वर्षे भरावी लागतात. मात्र डिपेंडंट म्हणून काढलेली वर्षे स्वतःच्या स्किल्ड वर्कर व्हिसाच्या ५ वर्षांत धरली जात नाहीत. समजा, नवरा २०२२ च्या जूनमध्ये स्किल्ड वर्कर म्हणून गेला आणि बायको त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्यामागे गेली. दोघांची ५ वर्षे २०२७ मध्ये भरतात. तिने २०२६ मध्ये हौसेने स्वतःचा व्हिसा घेतला, तर तिची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा शून्यावर येते आणि नवऱ्याचा परवाना झाल्यावरही ती वर्षानुवर्षे मागे राहते. अशा घरात वरिष्ठ पदाची नोकरी मिळाली तरी ती डिपेंडंट व्हिसावरच करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कायम वास्तव्यासाठीची सर्वसाधारण मुदत ५ ऐवजी १० वर्षे करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये मांडला आहे; त्यामुळे जुनी वर्षे हातची घालवण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम वाचणे अधिकच गरजेचे झाले आहे.

याच्या अगदी उलट स्थिती ज्या घरांत मुख्य व्हिसा विद्यार्थ्याचा किंवा ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावर काही काळ तिथे काम करण्यासाठी मिळणारा) आहे, त्यांची असते. हे दोन्ही व्हिसा ५ वर्षांच्या त्या मोजणीत येत नाहीत, आणि ग्रॅज्युएट व्हिसाला मुदतवाढही मिळत नाही. आपल्या भागातून २०२३ पर्यंत अनेक जोडपी अशी गेली, की एकाने एमएस्सीला प्रवेश घेतला आणि दुसरा डिपेंडंट म्हणून सोबत गेला. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही सोय पीएचडी आणि संशोधनप्रधान पदव्युत्तर शिक्षणापुरतीच उरली, पण आधी गेलेल्यांपैकी कित्येकांचे ग्रॅज्युएट व्हिसा आता संपत आले आहेत. शिकायला गेलेल्याला नोकरी मिळाली नाही आणि सोबत गेलेल्याला मात्र चांगली मिळाली, असे बऱ्याच घरांत घडले आहे. तिथे डिपेंडंटने आपल्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा घ्यायचा आणि मूळ विद्यार्थ्याने त्याचा डिपेंडंट व्हायचे, हा उलटापालटीचा मार्ग कायद्याला धरून आहे. त्याला जितका उशीर होईल तितकी मोजणी पुढे जाते, म्हणून अशा घरांनी वाट पाहण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण असुरक्षिततेचे आहे आणि ते आपल्याकडे दबक्या आवाजातच बोलले जाते. मुख्य व्हिसाधारकाची नोकरी गेली तर त्याचा स्पॉन्सर, म्हणजे ज्याच्या नोकरीवर व्हिसा मिळाला तो मालक, १० कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला, म्हणजे होम ऑफिसला, तसे कळवतो. पुढे त्याचा व्हिसा साधारणपणे ६० दिवसांवर आणला जातो आणि डिपेंडंटचाही त्याबरोबर आखडतो. संसार मोडला तरी डिपेंडंट व्हिसाचा आधारच जातो. मारहाण किंवा छळ होत असेल, तर नोकरी सापडेपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही: अशा व्यक्तींना ३ महिन्यांची स्वतंत्र परवानगी देणारी सवलत फेब्रुवारी २०२४ पासून नोकरदार आणि विद्यार्थी व्हिसाधारकांच्या जोडीदारांनाही मिळते. माहेरच्यांनी ‘थोडे सोसून घे, व्हिसा जाईल’ असा सल्ला देण्यापूर्वी ही सवलत ठाऊक करून घ्यावी.

बदलात गमावण्यासारखेही बरेच आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा एका मालकाशी आणि एका प्रकारच्या कामाशी बांधलेला असतो. कंपनी बदलायची म्हणजे नव्या स्पॉन्सरसह पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क. कामाच्या तासांबाहेर दुसरे काम करण्याला आठवड्याला २० तासांची आणि कामाच्या प्रकाराची मर्यादा येते. तिकडे घरून डबे देणाऱ्या, दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या मुली कमी नाहीत. डिपेंडंट असताना बिनघोर चालणारा हा उद्योग स्किल्ड वर्कर झाल्यावर तसाच चालू ठेवता येत नाही.

मालकाला राजी करणे

नोकरी मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. मालकाकडे स्पॉन्सर लायसन्स असावे लागते. असे लायसन्स असलेल्या संस्थांची यादी सरकार जाहीर करते. तिच्यात लाखाहून अधिक नावे आहेत आणि ती कुणालाही विनामूल्य पाहता येते. कंपनीचे नाव त्या यादीत ‘स्किल्ड वर्कर’ या प्रकाराखाली आहे का, हे आधी तपासावे. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि नोंदणीतले नाव वेगळे असू शकते, म्हणून पगारपत्रकावर जे नाव छापलेले असते त्याने शोध घ्यावा.

इथे डिपेंडंटपुढे एक विचित्र अडचण उभी राहते. त्याला काम करण्याची परवानगी आधीच असल्यामुळे मालक विचारतो, की तुम्ही विनाखर्च काम करू शकता, मग मी पैसे का घालू? प्रश्न रास्त आहे, म्हणून मालकाचा खर्च आपल्याला तोंडपाठ असावा. प्रत्येक उमेदवारासाठी द्यावे लागणारे स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओएस म्हणतात, एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंडांना पडते. त्याशिवाय इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा आकार डिसेंबर २०२५ पासून लहान कंपनीला वर्षाला ४८० आणि मोठ्या कंपनीला १,३२० पौंड झाला आहे. म्हणजे ३ वर्षांच्या व्हिसासाठी लहान कंपनीला सुमारे १,९६५ आणि मोठीला ४,४८५ पौंड मोजावे लागतात. लायसन्सच नसेल, तर लहान संस्थेला त्याचे एप्रिल २०२५ च्या दराने आणखी ५७४ पौंड आणि निर्णयासाठी साधारण ८ आठवडे धरावे लागतात.

या विषयाला हात घालण्याची योग्य वेळ मुलाखतीची नव्हे, तर प्रोबेशन संपल्यानंतरची असते, जेव्हा आपले काम मालकाने पाहिलेले असते आणि व्हिसा संपायला निदान ६ ते ८ महिने बाकी असतात. ‘माझा सध्याचा व्हिसा अमुक तारखेला संपतो, त्यानंतर मला कामावर ठेवायचे असेल तर स्पॉन्सरशिप लागेल, आणि तिचा खर्च इतका आहे’ असे तारखेसह लेखी पाठवावे. सीओएसचे दोन प्रकार असतात: परदेशातून येणाऱ्या उमेदवारासाठी प्रत्येक वेळी होम ऑफिसकडून मंजुरी घेऊन मिळणारे, आणि ब्रिटनमध्येच असलेल्या उमेदवारासाठी कंपनीला वार्षिक वाट्यातून मिळणारे. आपल्याला दुसऱ्या प्रकारचे लागते. त्या वर्षाचा वाटा कंपनीकडे शिल्लक आहे का, हे मनुष्यबळ विभागाला आधीच विचारून ठेवावे, कारण नसेल तर वाढवून मागण्यात वेळ जातो.

सीओएसचे शुल्क आणि स्किल्स चार्ज कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मालकाला बंदी आहे. तरीही ‘आम्ही सीओएस काढून देतो’ म्हणून लाखांच्या घरात रक्कम मागणारे एजंट आपल्या जिल्ह्यांतही फिरतात, आणि ऊस किंवा द्राक्षाचे बिल आले की ते नेमके दारात येतात. जे प्रमाणपत्र विकतच घेता येत नाही, ते विकणाऱ्याकडून घेतलेल्या व्हिसामागे खरी नोकरी नसते. खोट्या माहितीवर अर्ज केल्याचे सिद्ध झाले, तर १० वर्षांपर्यंत ब्रिटनचे दार बंद होऊ शकते.

पगार आणि कामाचा कोड

जुलै २०२५ पासून दोन मोठे बदल झाले. वर्षाचा सर्वसाधारण किमान पगार ३८,७०० वरून ४१,७०० पौंड झाला, आणि कामाची पातळी पदवी दर्जाची असणे आवश्यक झाले. प्रत्येक कामाला चार आकडी कोड असतो आणि त्या कोडचा एक प्रचलित दर ठरलेला असतो. ४१,७०० आणि तो दर यांतला जो अधिक असेल, तेवढा पगार लागतो. आपल्या अभियंत्यांचा गोंधळ इथेच होतो. सॉफ्टवेअरसारख्या कामांचा प्रचलित दर सर्वसाधारण किमान पगाराच्या बराच वर असल्यामुळे ४२ हजार पौंडांची ऑफर हातात असूनही अर्ज बसत नाही. ओव्हरटाइम आणि भत्ते हिशेबात धरत नाहीत, मूळ हमी पगारच धरतात. कोड मालक ठरवतो, परंतु आपण प्रत्यक्ष करतो ते काम आणि त्या कोडच्या वर्णनातले काम जुळते का, हे स्वतः वाचून पाहावे. पदाचे नाव ‘मॅनेजर’ आणि काम गल्ल्यावर बसण्याचे, असा प्रकार तपासात टिकत नाही.

‘न्यू एन्ट्रन्ट’ (नवोदित) म्हणून कमी पगाराची सवलत आपल्यालाही मिळेल असे अनेक डिपेंडंट धरून चालतात. ती सवलत विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्याला असते, त्याच्या डिपेंडंटला नसते. डिपेंडंटचे वय २६ पेक्षा कमी असेल, तर मात्र वयाच्या आधारावर ती मिळू शकते.

पदवी दर्जाखालच्या काही कामांना तात्पुरत्या यादीमुळे अजून वाव आहे आणि केअर वर्करांच्या बाबतीतही एक फट शिल्लक आहे. परदेशातून केअर वर्कर नेणे २२ जुलै २०२५ रोजी बंद झाले, पण जी व्यक्ती ब्रिटनमध्ये त्याच स्पॉन्सरकडे किमान ३ महिने कायदेशीरपणे काम करत आहे, तिला २२ जुलै २०२८ पर्यंत हा बदल करता येईल असे नियम सांगतो. डिपेंडंट म्हणून केअर होममध्ये काम करणाऱ्या व्यक्तीला हे लागू पडते. मात्र अशा व्हिसावर पती, पत्नी किंवा मुलांना डिपेंडंट म्हणून घेता येत नाही. त्यामुळे वर सांगितलेला उलटापालटीचा मार्ग या कामातून साधत नाही. बायकोने केअर वर्कर व्हिसा घेतला आणि नवऱ्याचा ग्रॅज्युएट व्हिसा संपल्यावर त्याला परतावे लागले, असे होऊ नये म्हणून हे वाक्य दोनदा वाचावे.

मिरजेत नर्सिंग शिकलेल्या मुलींचे गणित निराळे आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून या गावाची वैद्यकीय परंपरा मोठी आहे, आणि डिपेंडंट म्हणून गेलेल्या इथल्या नर्स तिकडे बहुधा आधी केअर असिस्टंट म्हणून कामाला लागतात. त्यांनी त्या कामावर व्हिसा घेण्याची घाई करू नये. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी पूर्ण करावी आणि नर्स म्हणूनच हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा, म्हणजे स्किल्ड वर्करचाच आरोग्यक्षेत्रासाठीचा प्रकार, घ्यावा. नोंदणीसाठी दिलेली इंग्रजी परीक्षा व्हिसालाही चालते, आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आकार) पूर्ण माफ असतो, आणि व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ च्या दराने ३ वर्षांपर्यंत केवळ ३०४ पौंड आहे. नोंदणीला लागणारे महिने यात निश्चितच भरून निघतात.

इंग्रजीचा पुरावा

डिपेंडंट म्हणून जाताना इंग्रजीचा पुरावा द्यावा लागला नव्हता, म्हणून आता तो नव्याने द्यावा लागतो. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी इंग्रजीची आवश्यक पातळी युरोपीय मोजपट्टीवरील बी१ वरून बी२, म्हणजे एक पायरी वर, झाली आहे. परीक्षा द्यायची असेल, तर आयईएलटीएसच्या ‘यूकेव्हीआय’ प्रकाराचीच द्यावी. चारही भागांत प्रत्येकी किमान ५.५ गुण लागतात. साधी आयईएलटीएस, मग तीत ८ गुण का असेनात, या कामाला चालत नाही. आधी दिलेल्या परीक्षेचा निकाल २ वर्षे ग्राह्य धरतात.

दुसरा मार्ग पदवीचा. शिक्षण इंग्रजीतून झाले असेल, तर एक्टिस ही ब्रिटिश संस्था भारतीय पदवी तिकडच्या पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजी माध्यमातून मिळवली आहे, असे निवेदन देते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेल्यांना हा मार्ग सोपा आहे. बीए, आणि बऱ्याच ठिकाणी बीकॉमही, मराठी माध्यमातून झालेले असते. तिथे या मार्गावर वेळ न घालवता सरळ परीक्षेला बसावे. माध्यमाचे पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि जावक क्रमांकासह घ्यावे, आणि त्यात अभ्यासक्रमाचे नाव, प्रवेशाचे व उत्तीर्ण होण्याचे वर्ष लिहून घ्यावे. बहिणीच्या वेळी पहिले पत्र ‘सदर विद्यार्थिनी हुशार व होतकरू होती’ अशा मजकुराचे मिळाले. माध्यमाचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि दुसरे पत्र मिळायला ३ आठवडे गेले.

नावांचा गुंता

ज्या एका विषयावर मला सर्वाधिक फोन येतात, तो हा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव मधे येते, आणि पुष्कळ घरांत तांदळात अंगठीने लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलले जाते. परिणामी दहावीच्या प्रमाणपत्रावर एक व्यक्ती, पदवीवर आईच्या नावासह तीच, पण आडनाव आधी लिहिलेली, आणि पासपोर्टवर तिसरीच कुणी, अशी स्थिती होते. व्हिसाच्या अर्जात पूर्वीची सर्व नावे लिहिण्याची जागा असते. तिथे माहेरचे पूर्ण नाव न चुकता लिहावे. पदवी आणि पासपोर्ट यांना जोडणारा दुवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राचा असतो, पण त्यात वधूचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव पदवीवरच्या नावाशी अक्षरशः जुळत असेल तरच. पहिले नावही बदललेले असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद हाताशी असावी.

लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती आणि फोटोंचा अल्बम यांना विवाह प्रमाणपत्राचे वजन नाही. नोंदणी राहून गेली असेल, तर ती ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत किंवा महानगरपालिकेत जिथे लागू असेल तिथे करून घ्यावी. मात्र त्यासाठी पती-पत्नी दोघांची उपस्थिती लागते, त्यामुळे पुढच्या भारतभेटीत ते काम पहिल्या दोन दिवसांतच उरकावे. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क असावा लागतो. ‘नोटरी केले की झाले’ हा समज चुकीचा आहे. उलटापालटी करणाऱ्या जोडप्यांना हे प्रमाणपत्र दुसऱ्यांदा लागते, कारण आता नवरा बायकोचा डिपेंडंट म्हणून अर्ज करणार असतो. मुले सोबत असतील तर त्यांच्या जन्म दाखल्यावर आई-वडिलांची नावे पासपोर्टप्रमाणे आहेत का, हेही पाहावे.

पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतर घ्यायचेच राहून गेलेली बरीच मंडळी भेटतात, कारण गुणपत्रकावर नोकरी मिळून गेलेली असते. शिवाजी विद्यापीठाची कामे सांगली-साताऱ्याच्या माणसाला कोल्हापुरात जाऊन करावी लागतात. दुसऱ्या कुणी जायचे असेल, तर अर्जदाराच्या सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत बरोबर न्यावी, म्हणजे हेलपाटा वाचतो.

अर्जदाराचा खर्च

देशांतर्गत बदलासाठी एप्रिल २०२५ च्या दराने ३ वर्षांपर्यंतच्या व्हिसाचे शुल्क ८८५ पौंड आणि त्याहून अधिक मुदतीचे १,७५१ पौंड आहे. त्यावर आरोग्य अधिभार, म्हणजे आयएचएस, प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदमच भरावा लागतो. ३ वर्षांसाठी एका माणसाचा हिशेब ३,९९० पौंडांवर जातो आणि ५ वर्षांसाठी ६,९२६ पौंडांवर. हे दोन खर्च मालकाने द्यावेत असे बंधन नाही, पण मागून पाहण्यात काही गैर नाही. आयएचएस भरणाऱ्या कंपन्या आहेत, आणि काही कंपन्या तेवढी रक्कम बिनव्याजी उचल म्हणून देतात. ब्रिटनमध्ये १२ महिने वैध व्हिसावर राहून झाले असतील, तर खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दाखवण्याची अट आपोआप पूर्ण झाली असे मानतात.

गावी आल्यावर इथूनच अर्ज केला, तर शुल्क थोडे कमी पडते हे खरे आहे. परंतु मग टीबीची तपासणी लागते, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांतील कामांना पोलीस प्रमाणपत्र लागते, कंपनीला पहिल्या प्रकारचे सीओएस मागवावे लागते, आणि निकाल येईपर्यंत रजा संपते. शे-दोनशे पौंडांसाठी हा मार्ग धरावा असे मला वाटत नाही.

अर्ज आणि वाट पाहणे

सीओएस दिल्यापासून ३ महिन्यांत अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला की त्यातली प्रत्येक नोंद, म्हणजे नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोड, आठवड्याचे तास, पगार आणि कामाची तारीख, पासपोर्ट व करारपत्र समोर ठेवून तपासावी. चूक असेल तर अर्ज दाखल होण्याआधीच मालकाला दुरुस्त करायला सांगावे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि ओळख पटवण्याचे काम अनेकांचे मोबाइलमधल्या अ‍ॅपवरच होते. इतरांना केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. पासपोर्ट, सीओएस क्रमांक, इंग्रजीचा पुरावा, नावबदलाचे कागद आणि त्यांची भाषांतरे एवढाच ऐवज असतो. गठ्ठा वाढवून वजन वाढत नाही.

सध्याच्या व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झाला, तर १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३सी प्रमाणे निकाल लागेपर्यंत जुन्या अटी तशाच चालू राहतात, म्हणजे डिपेंडंट म्हणून चाललेले काम थांबवावे लागत नाही. निकाल साधारण ८ आठवड्यांत येतो. ५०० पौंड जादा भरल्यास ५ कामकाजाच्या दिवसांत, तर १,००० पौंडांत दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळवण्याची सोय आहे. या काळात ब्रिटन, आयर्लंड, चॅनल बेटे आणि आइल ऑफ मॅन यांच्या बाहेर पाऊल टाकले, की अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते. तासगावच्या रथाला किंवा घरच्या लग्नाला येण्याचे तिकीट आधीच काढलेले असेल, तर अर्ज त्या प्रवासाच्या आधी इतका लवकर किंवा परतल्यावर करावा, की दोन्ही एकमेकांत येणार नाहीत. इथल्या मंडळींनीही ‘दोन दिवसांसाठी येऊन जा’ असा आग्रह धरू नये.

नकार आला तर १४ दिवसांत ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते. तिचा उपयोग अधिकाऱ्याची चूक झाली असेल तरच होतो. आपलाच कागद कमी पडला असेल, तर जुन्या व्हिसाची मुदत शिल्लक असताना नवा अर्ज करणे बरे. अर्ज मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात न करता २-३ महिने आधी करावा असे मी सांगतो, ते याच कारणाने.

व्हिसा मंजूर झाल्यावर हातात कार्ड येत नाही. जुनी बायोमेट्रिक कार्डे २०२४ च्या अखेरीस संपली आणि आता सर्व नोंद ऑनलाइन खात्यात असते. त्या खात्यात नाव, मुदत आणि कामाच्या अटी बरोबर उमटल्या आहेत का ते पहिल्याच दिवशी पाहावे, ही नोंद मालकाला ऑनलाइन पाहता यावी म्हणून शेअर कोड काढून त्याला द्यावा, आणि पासपोर्ट नवा निघाला की त्याचा क्रमांक त्या खात्यात बदलून मगच विमानात बसावे. ज्या जोडप्यात आता नवऱ्याने डिपेंडंट व्हायचे आहे, त्याचा अर्ज बायकोच्या अर्जासोबत किंवा तिच्या मंजुरीनंतर लगेच, पण कोणत्याही परिस्थितीत त्याचा ग्रॅज्युएट व्हिसा संपायच्या आत जायला हवा. आणि देशाबाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसाची वही त्या दिवसापासून सुरू करावी, कारण कायम वास्तव्याच्या अर्जात कोणत्याही १२ महिन्यांत १८० हून अधिक दिवस बाहेर काढलेले चालत नाहीत, आणि आई-वडिलांच्या आजारपणासाठी सांगलीत केलेले मुक्काम ५ वर्षांनी तारखेनिशी कुणालाच आठवत नाहीत.